न्यायासन मतपेटीतून नको

सरपंच आपण निवडतो, आमदार निवडतो. मग मोर्शीच्या न्यायालयातील न्यायाधीशही मतदानाने का निवडू नये, असे तारखांना कंटाळलेली माणसे विचारतात. त्यांचा त्रागा आम्हांला समजतो; उपाय मात्र मुळीच पटत नाही.

हा प्रयोग जेथे झाला, तेथे काय घडले? अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २००४ साली एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्चिले. उमेदवार निवडून आला, त्याच कंपनीचे अपील ऐकावयास बसला आणि त्याने तिच्याच बाजूने कौल दिला! त्याने दूर राहावयास हवे होते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये सांगावे लागले. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी न्यायाधीशांसाठी देशभर मतदान घेतले; मतदार आले जेमतेम १३ टक्के.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहा. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरून दावा लागला. एका बाजूला शंभर घरांचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला एकटी विधवा. मते मागून आलेला न्यायाधीश कुणाचे तोंड पाहील? आपण ख्रिस्ती तर येथे मूठभर. जमावाचा कौल घेऊन निर्दोषाला क्रुसावर धाडणारा पिलात आपण विसरलेलो नाही.

संविधानाच्या २३४व्या अनुच्छेदाने या नेमणुका लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्या सल्ल्याने केलेल्या नियमांवर सोपविल्या, हे योग्यच झाले. निकाल चुकला तर अपिलाची वाट आहे. मागणी करावयाची तर ती न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा वेळेवर भरण्याची करू या.