खोडी कोणासाठी?

बालमासिकात संपादकाने गुपचूप पेरलेल्या विनोदाचं साहित्यिक मंडळींना भारी कौतुक. मुलांना कळत नाही, काम करणाऱ्याचा कंटाळा जातो, मग बिघडलं कुठे? माझं म्हणणं, बिघडतं. ‘मुलांना कळणार नाही’ हीच ज्या विनोदाची अट, तो मुलांच्या मासिकात राहून मुलांनाच हसतो.

कंटाळलेल्या संपादकाचा गाजलेला नमुना मोटारींच्या नियतकालिकातला आहे. 1992 साली ‘ऑटोकार’च्या वार्षिकात जेम्स मे यांनी मजकुराची आद्याक्षरं जुळवून, हे काम किती जिकिरीचं आहे, असा निरोप दडवला. वरिष्ठांच्या नजरेतून तो सुटला, वाचकांनी पकडला. काहींनी तर बक्षीस आहे असं समजून फोन केले, असं मे सांगतात. त्यांची नोकरी गेली, पण मला महत्त्वाचे वाटतात ते फोन. लपवलेलं काही सापडलं की वाचक ते आपल्यासाठीच ठेवलंय असं धरून चालतो. मोठ्यांचं हे, तर मुलांचं काय?

मी राहतो त्या बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आयटीच्या नोकऱ्यांमागे आलेली मराठी घरं आहेत. मुलांच्या कानांवर शाळेत इंग्रजी आणि कन्नड, खाली खेळताना हिंदी. छापील मराठी ती एकेक अक्षर लावत वाचतात. ओळीचा अर्थ लागण्याआधी ओळीचं पहिलं अक्षर त्यांच्या डोळ्यांत भरतं. द्व्यर्थी शब्दावर तर ती हमखास अडतात आणि घरात विचारतात. मोठे गालात हसून म्हणतात, ‘तुला नाही कळायचं.’ हाताशी तीन भाषा आणखी असताना, जी भाषा असं सुनावते ती मूल कशाला धरून ठेवील?

लपवण्याला माझा विरोध नाही. मोरोपंतांनी ओठाला ओठ न लावता म्हणता येणारं निरोष्ठ रामायण रचलं. त्याची किल्ली शीर्षकातच आहे. वडिलांनी 1913 साली काढलेल्या ‘संदेश’मध्ये सुकुमार राय यांनी लिहिलेल्या बडबडगीतांत मोठ्यांना साहेबी अमलाची टिंगल दिसते. ती न दिसताही मूल पोटभर हसतं. मोठ्यांना थोडं जास्त मिळतं, पण मुलाच्या ताटातलं काही कमी होत नाही.

म्हणून संपादकांकडे माझी एकच मागणी आहे. अंकात जे लपवाल ते शोधायचा धागा त्याच अंकात द्या आणि उत्तर पुढच्या अंकात छापा. उत्तर छापायची लाज वाटत असेल, तर तो विनोद कचेरीतल्या चहाबरोबरच संपवा. आणि मुलांसाठी लिहिण्याचाच कंटाळा आला असेल, तर खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.