काटा नव्हे, हे तर पान!



'पानांची रूपांतरे सांगा' या प्रश्नाचे उत्तर आपली मुले पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. पाथर्डी तालुक्यातली कित्येक मुले तर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात; त्यांचे शाळेचे कित्येक महिने बुडतात. म्हणून पुस्तकाविनाही शिकता येईल असा हा धडा आम्ही येथे देत आहोत.

पान हे झाडाचे स्वयंपाकघर. हवा, पाणी आणि ऊन यांवर तेथे अन्न तयार होते. पण पानांच्या बारीक छिद्रांतून पाणी उडूनही जाते. तिसगावसारख्या कमी पावसाच्या भागात हा खर्च झाडाला जड जातो. फड्या निवडुंगाने त्यावर उपाय केला. त्याचा जाड हिरवा फडा आपण पान समजतो. पण ते खोड आहे. काटे ही त्याची बदललेली पाने. अन्न करण्याचे काम खोडाने उचलले, काटे राखणीला बसले. अगदी कोवळ्या फड्यावर बारीक टोकदार पानेही दिसतात. ती लवकरच गळतात.

बाभळीने पान राखले, मात्र पानाच्या बुडाशी असणाऱ्या दोन उपपर्णांचे पांढरे काटे केले. बोरीचे काटेही उपपर्णांचेच.

आता कांदा उभा चिरून पाहा. मुळांजवळची चपटी चकती हे खोड आणि पापुद्रे ही पाने. बाहेरची वाळलेली साल रक्षण करते, आतले जाड पापुद्रे अन्न साठवतात. वाटाण्याच्या पानाचा शेंडा तणावा होऊन आधार पकडतो. पानफुटीच्या पानाच्या कडेला तर नवी रोपे फुटतात.

मग पान ओळखायचे कसे? रूपावरून नव्हे, जागेवरून. पानाच्या बगलेत डोळा असतो आणि त्यातून फांदी फुटते. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेतून निघतो, म्हणून तो फांदीचे रूप आहे. गुलाबाचा काटा ना पान, ना फांदी. ती नुसती सालीवरची वाढ. जर्मन कवी गटे याने १७९० साली पुस्तक लिहून फुलाच्या पाकळ्याही पानाचीच रूपे असल्याचे मांडले होते.

आमचे पालकांना एवढेच सांगणे आहे की, प्रयोगशाळा नाही म्हणून मुलाचे विज्ञान थांबू देऊ नका. ऊसतोडीच्या कोपीवरही कांदा असतो आणि बांधावर बाभूळ असते. आई शिकलेली नसली तरी कांदा चिरताना 'यातले खोड कुठले आणि पान कुठले?' एवढे ती विचारू शकते. उत्तर मुलाला शोधू द्या. तो उलट 'कशावरून?' म्हणाला, तर रागावू नका. विज्ञानाची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.