बारोलोची बाटली केव्हा उघडाल?

आपल्या घरात चांगल्या वस्तू ‘चांगल्या दिवसासाठी’ ठेवायची सवय असते. नवी चादर पाहुण्यांसाठी, डिनर सेट काचेच्या कपाटात. इंदूरला आमच्या माहेरच्या घरी अशीच एक बाटली ठेवली होती. मिलानला नोकरी करणाऱ्या मावसभावाने २०१४ साली बाबांसाठी आणलेली इटलीची बारोलो, २०१० सालची. बाबांनी ती स्वयंपाकघरातल्या उंच कपाटावर, फ्रीजच्या शेजारी उभी करून ठेवली. म्हणाले, ‘‘लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला उघडू. वाइन जितकी जुनी तितकी चांगली.’’

२०२२ मध्ये तो दिवस आला. सगळे जमलो, बाटली उघडली. आतली वाइन चहासारखी तपकिरी झाली होती आणि वास येत होता शिजवलेल्या मनुकांचा आणि व्हिनेगरचा. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाटली धुऊन त्यांनी त्यात मनीप्लांट लावला.

वाइनचा काही दोष नव्हता. इंदूरचे आठ उन्हाळे तिने कपाटावर काढले होते. तुमच्याकडेही भेट आलेली किंवा परदेशातून आणलेली अशी एखादी बाटली असेल, तर हे वाचून मगच ती उघडायची की ठेवायची ते ठरवा.

बारोलो म्हणजे काय?

इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते प्रांत आहे. तिथल्या लांगे टेकड्यांमध्ये बारोलो नावाचं छोटं गाव आहे. हे गाव आणि आसपासची मिळून ११ गावं एवढ्याच भागात ही वाइन बनते आणि तीही फक्त नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून. इटालियन भाषेत धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. ही द्राक्षं उशिरा, साधारण ऑक्टोबरमध्ये पिकतात, तेव्हा टेकड्यांवर धुकं उतरलेलं असतं. त्यावरूनच हे नाव पडलं असं मानतात. इथल्या द्राक्षमळ्यांच्या परिसराला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

नियमानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. लेबलवर ‘रिझर्वा’ लिहिलं असेल तर किमान ६२ महिने, म्हणजे पाच वर्षांहून जास्त. लेबलवरचं साल हे द्राक्षांच्या तोडणीचं असतं, बाटली भरल्याचं नाही, हे लक्षात ठेवा.

इतकी वाट का पाहायची?

जांभूळ खाल्ल्यावर किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ कशी आवळल्यासारखी होते? हा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. नेब्बिओलोच्या साली आणि बियांमध्ये ते भरपूर असतं. रंगाने बारोलो फिकट दिसते, पण तरुणपणी ती चांगलीच तुरट आणि आंबट असते. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. आधी गुलाब आणि चेरीचा गंध असतो, पुढे सुकलेली पानं, चामडं, ट्रफल असे गंध येऊ लागतात.

म्हणून चांगली बारोलो तोडणीपासून साधारण ८ ते १० वर्षांनी रंगात येते आणि नीट ठेवली तर २० वर्षं किंवा त्याहून जास्तही टिकते. मात्र हा नियम सगळ्या रेड वाइनना लावू नका. त्याच भागातली डोल्चेत्तो किंवा तोस्कानाची साधी कियांती दोन-चार वर्षांत प्यायलेली बरी. ठेवून ती सुधारत नाही, उतरत जाते. कियांती क्लासिको रिझर्वा मात्र दहा वर्षांपर्यंत मजेत राहते.

आपल्याकडे कुठे ठेवाल?

वाइनला १२ ते १४ अंश तापमान, अंधार आणि शांतता लागते. बाटली आडवी ठेवतात, म्हणजे कॉर्क ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाट, माळा, शोकेस यातली एकही जागा उपयोगाची नाही. वाइनचा खास फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, दारात नको. पण तिथेही वर्षानुवर्षं नको, कारण कोरड्या हवेने कॉर्क सुकतं. त्यामुळे सोपा नियम असा : बाटली घरी आली की काही महिन्यांत उघडा. वाट पाहण्याचं काम तिथल्या थंड तळघरांनी करावं, आपल्या स्वयंपाकघराने नाही. विकत घेणार असाल तर आधीच आठ-दहा वर्षं जुनं साल बघून घ्या.

कॉर्क वर सरकलेलं दिसलं किंवा तोंडाशी चिकट ओघळ असेल तर बाटलीला ऊन लागलंय असं समजा. पाहुण्यांसमोर उघडण्याआधी स्वतः चाखून बघा.

कशी द्याल?

* रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातल्या जुन्या घराची आहे, आपली नाही. बारोलो १६ ते १८ अंशांवर चांगली लागते. ३० अंशांच्या खोलीतली बाटली सव्वा-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. आधीच फ्रीजमध्ये असेल तर वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा.
* उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल.
* नुसतं बूच काढून ठेवल्याने फारशी हवा लागत नाही. दहा वर्षांच्या आतली बारोलो रुंद काचेच्या जगमध्ये ओतून दोन तास ठेवा. डिकँटरच हवा असं नाही. खूप जुनी असेल तर ऐनवेळी हलक्या हाताने ओता आणि गाळ दिसू लागला की थांबा.
* जुनं कॉर्क तुटलं तर घाबरू नका, स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळून घ्या.
* ग्लास मोठा, पोट फुगीर असलेला घ्या आणि एक तृतीयांशच भरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच जणांचं होतं.
* उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

सोबत काय?

पिएमोन्तेत बारोलोमध्येच तासन्तास शिजवलेलं मांस, भरपूर अंड्यांच्या पिवळ्या बलकाचा ताजारिन नावाचा पास्ता, आल्बाचं पांढरं ट्रफल असं जेवण असतं. कारण प्रथिनं आणि स्निग्धता टॅनिनचा तुरटपणा कमी करतात. तिखट मात्र उलटं काम करतं. सावजी किंवा तांबड्या रश्श्याबरोबर बारोलो घेतली तर तोंडाची आग वाढेल आणि वाइनची चवही कळणार नाही. मंद आचेवर शिजवलेलं कमी तिखटाचं मटण, लोण्यात परतलेले मशरूम, मशरूमचा पुलाव, जुनं कडक चीज यांच्याबरोबर ती छान जमते.

हेही लक्षात ठेवा

मद्याची अमुक एक मात्रा पूर्णपणे सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे जे घेत नाहीत त्यांना आग्रह करू नका. गरोदरपणात आणि औषधं चालू असताना नकोच, गाडी चालवायची असेल तरीही नको. मद्यपानाचं कायदेशीर वय राज्यागणिक बदलतं. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदी आहे, तेव्हा तिथे जाताना बाटली भेट म्हणून नेऊ नका.

मावसभावाने पुन्हा एक बारोलो आणली, २०१६ ची. या वेळी बाबांनी तिला कपाटाची वाट दाखवली नाही. दोन महिन्यांत, जानेवारीतल्या एका साध्या रविवारी आम्ही ती उघडली. ना वाढदिवस, ना पाहुणे. आईने मशरूमचा पुलाव केला होता. इटलीत ग्लास उचलताना ‘सालूते’ म्हणतात, म्हणजे आरोग्य लाभो. बाबांनीही म्हटलं. मग एक घोट घेऊन थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘तुरट आहे गं. पण छान आहे.’’

खिडकीत पहिल्या बाटलीतला मनीप्लांट चांगलाच वाढलाय. तुमच्या कपाटावर एखादी बाटली असेल, तर आज तिचं साल बघून घ्या.