विश्लेषण : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स, जुन्या यंत्राला जीवदान मिळेल?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित सेवा थांबवली. संगणक चालूच राहतो, पण सुरक्षेचे नवे अपडेट मिळत नाहीत. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. त्यानंतर काय, याचे एक उत्तर म्हणजे ‘ड्युअल बूट’.

विंडोज ११ का चालत नाही?

त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. अनेक धडधाकट संगणक या अटींत बसत नाहीत.

दोन प्रणाली कशा नांदतात?

ड्युअल बूटमध्ये डिस्कचे भाग पाडून प्रत्येकात एक प्रणाली बसवतात. संगणक सुरू करताना त्यांतील एक निवडायची. व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतात, पण रॅम वाटली जाते. ४ जीबी रॅमच्या संगणकाला ते झेपत नाही. उबुंटू, लिनक्स मिंट मोफत मिळतात.

मग विंडोज १० सुरक्षित होते का?

नाही. शेजारी लिनक्स बसवल्याने विंडोजमधील त्रुटी बुजत नाहीत. फायदा होतो तो कामांच्या वाटणीमुळे. बँकेचे व्यवहार, ई-मेल लिनक्सवर करावेत. टॅलीसारख्या विंडोजवरच्या कामापुरतेच विंडोज उघडावे, तेही शक्यतो इंटरनेट बंद ठेवून.

धोका कोठे?

दोन्ही प्रणाली सुरू होण्याची वाट सामाईक असते. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर रोखले आणि काही ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. त्यावर कायमचा उपाय मे २०२५च्या अपडेटमध्ये आला. बिटलॉकर सुरू असेल, तर बूटच्या रचनेतील बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती नसेल, तर डेटा कुलूपबंदच राहतो.

आधी काय करावे?

फोटो, कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून वाय-फाय, प्रिंटर, मराठी टायपिंग तपासावे. इन्स्टॉल करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, तर विंडोजसह सगळेच जाते. त्या पडद्यावर घाई नको.