चौदा दिवसांचा न्याय

परदेशी घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रियांना कायद्याचे संरक्षण नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आखाती देशांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी रास्तही आहे. परंतु जेथे कायदा आहे आणि दाद मागण्यासाठी न्यायाधिकरणही आहे, तेथे या स्त्रीच्या पदरात काय पडते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. हाँगकाँग हे असे ठिकाण आहे. तेथे तीन लाखांहून अधिक परदेशी स्त्रिया घरकाम करतात. त्यांत फिलिपाइन्स व इंडोनेशियातून आलेल्यांची संख्या फार मोठी असून काही भारतीयही आहेत.

कागदोपत्री या स्त्रियांची स्थिती वाईट नाही. हाँगकाँगचा १९६८ चा रोजगारविषयक कायदा त्यांना लागू आहे. साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा आणि प्रसूतिरजा यांची तरतूद त्यात आहे. शासनाने ठरवून दिलेल्या नमुन्यानुसार दोन वर्षांचा करार करणे मालकावर बंधनकारक आहे. तो मुदतीपूर्वी मोडायचा झाल्यास एक महिन्याची सूचना वा तितके वेतन द्यावे लागते. मायदेशी परतण्याचा खर्चही मालकाकडेच असतो. गंभीर गैरवर्तनाचे कारण नसेल, तर गरोदर स्त्रीला वा पगारी आजारी रजेवर असलेल्या स्त्रीला कामावरून दूर करणे हा गुन्हा ठरतो.

मग अन्यायाला वाव राहतो तो कोठे? तो वास्तव्याच्या नियमांत. १९८७ मध्ये तेथील शासनाने केलेल्या नियमानुसार, नोकरी सुटल्यापासून चौदा दिवसांत, किंवा व्हिसाची मुदत त्याआधी संपत असल्यास त्या मुदतीत, या स्त्रीला हाँगकाँग सोडावे लागते. दुसरी नोकरी पत्करायची तर सामान्यतः मायदेशी परतून नव्याने अर्ज करावा लागतो. त्यात २००३ पासून मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती आहे. म्हणजे ज्या क्षणी नोकरी जाते, त्याच क्षणी डोक्यावरचे छप्परही जाते. तक्रारीसाठी प्रथम कामगार खात्यात समेटाचा प्रयत्न आणि तो फसल्यास कामगार न्यायाधिकरण, असा मार्ग आहे. तो चौदा दिवसांत सहसा संपत नाही. वास्तव्याची मुदत वाढवून मिळू शकते. परंतु ती शुल्क भरून, पाहुणा म्हणून, आणि काम न करण्याच्या अटीवर. जिने मायदेशी दलालाचे कर्ज काढले आहे आणि जिच्या पैशावर मुलांचे शिक्षण चालले आहे, तिने महिनोन्महिने बिनपगारी राहून खटला लढवावा, अशी ही अपेक्षा आहे. साहजिकच देतील तेवढे घेऊन ती विमानात बसते. मालकालाही हे पक्के ठाऊक असते.

याचे परिणाम वेळोवेळी दिसले आहेत. २०१९ मध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या एका फिलिपिनी स्त्रीला रजेवर असतानाच कामावरून काढण्यात आले. नोकरीबरोबर सरकारी रुग्णालयातील सवलतीच्या उपचारांचा तिचा अधिकारही गेला. २०२२ च्या प्रारंभी कोरोनाच्या लाटेत लागण झालेल्या काही स्त्रियांना मालकांनी घराबाहेर काढले, तेव्हा कायद्याची आठवण मालकांना करून देण्याची पाळी तेथील शासनावर आली.

या नियमाचे समर्थन केले जाते, ते असे की, तो नसता तर या स्त्रिया सारख्या नोकऱ्या बदलतील आणि बेकायदा अन्यत्र कामे करतील. मालकाचा मृत्यू, त्याचे स्थलांतर वा आर्थिक अडचण, किंवा छळाचा पुरावा असल्यास सवलत मिळते, असेही सांगितले जाते. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु छळाचा पुरावा गोळा करण्यासही वेळ आणि आसरा लागतो, आणि नियम तर नेमके तेच हिरावून घेतो. शिवाय ज्या स्त्रीने अन्याय्य बडतर्फीविरुद्ध दावा दाखल केला आहे, तिला निकाल लागेपर्यंत राहू व काम करू दिल्याने नोकऱ्या बदलण्याला उत्तेजन कसे मिळणार? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१३ मध्येच हा नियम रद्द करण्याचा विचार व्हावा, असे सुचविले होते. नियम मात्र कायम राहिला.

भारतानेही यातून बोध घ्यावा. आपल्या शासनाचा भर आजवर मुख्यतः कोणी जावे आणि कोणी जाऊ नये, हे ठरविण्यावर राहिला. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली वयाची अट आली, परवानग्या आल्या. घरकामगारांसंबंधी सौदी अरेबियाशी २०१४ मध्ये आणि कुवेतशी २०२१ मध्ये समझोते झाले. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्त्री मायदेशी परतल्यानंतरही तिचा दावा जिवंत राहील, तिची साक्ष येथूनच नोंदविता येईल आणि तिच्या वतीने आपला दूतावास थकलेले वेतन वसूल करू शकेल, अशी व्यवस्था प्रत्येक समझोत्यात असणे अगत्याचे आहे. परतीचे तिकीट ही मदत आहे. तो न्याय नव्हे.

अर्थात असा आग्रह धरताना आपली बाजूही निर्मळ हवी. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये संमत झाला. इतर कामगारांच्या तोडीने न्यायालयात दाद मागता यावी, हे त्यातील एक कलम आहे. फिलिपाइन्सने त्याला २०१२ मध्येच मान्यता दिली. भारताने दिलेली नाही. घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायदा करण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या जानेवारीत केंद्राला सांगावे लागले. आपल्या स्वयंपाकघरातील स्त्रीला जो अधिकार आपण देत नाही, तो परक्या देशाकडे मागताना आवाजाला धार येत नाही.

दाद मागण्याचा हक्क द्यायचा आणि दाद मागेपर्यंत उभे राहण्यास जागा द्यायची नाही, हा हक्क नव्हे. ती हक्काची हुलकावणी होय. कायद्याचे कलम कितीही उदार असो, ते वापरण्यास पुरेसा अवधी देणे हाच त्याचा खरा कस आहे.