यमाची दाढ आणि आमची अव्वा

शार्ङ्गधराच्या वैद्यकग्रंथात कार्तिकातले शेवटचे आठ आणि मार्गशीर्षातले पहिले आठ दिवस मिळून ‘यमदंष्ट्रा’, म्हणजे यमाची दाढ, असे म्हटले आहे. या दिवसांत बेताने जेवणारा तरतो, असे तो सांगतो. अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून वीस वर्षे काढली, तेव्हा मी याला हसत असे. आता हसत नाही.

आमच्या सासूबाई कानडी घरातल्या. आम्ही सारे त्यांना अव्वाच म्हणायचो. जन्मभर चुलीपुढे बसल्यामुळे छाती कामातून गेलेली. त्या मार्गशीर्षात खोकला वाढला. ‘चळी भाळ ऐती,’ म्हणत त्या पांघरूण ओढून पडून राहायच्या. भाकरी अर्धी टाकू लागल्या. ‘संक्रांत झाली की बरी होईन गं,’ म्हणाल्या आणि ताप नाही म्हणून मीही गप्प बसले. चौथ्या दिवशी त्यांनी मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली, तेव्हा डोळे उघडले. व्हेंटिलेटरवर नऊ दिवस राहून त्या गेल्या.

‘थंडीनेच नेलं,’ असे सगळे म्हणाले. ते अर्धे खरे आहे. अतिदक्षता विभागात बारा महिने एकच गारवा असतो. ऋतू बाहेरच राहतो. पण रुग्ण आत येतो तो ऋतूने आधीच थकवलेला. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त राबावे लागते. श्वासनळ्याही आवळतात. बंद खिडक्या, बंबाचा धूर आणि एका खोलीत सारे घर, मग फ्लू एकाकडून दुसऱ्याकडे जातोच. आपल्याकडे पावसाळ्यातही फ्लू वाढतो. सोबत डेंग्यू आणि लेप्टो असतात. उन्हाळ्यात अंगातले पाणी आटते आणि मूत्रपिंडे दमतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यांनी उन्हाळा लागताच मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये.

उरलेले अर्धे माझ्याकडे येते. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येतोच असे नाही. जेवण तुटणे, सारखी झोप, बोलण्यात घोटाळा, भराभर श्वास, निळसर ओठ यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारून ठेवावे. पहाटेचे फिरणे ऊन पडल्यावर करावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये. तिचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

अव्वांची शाल अजून माझ्या कपाटात आहे. दर मार्गशीर्षात ती उन्हात घालते. तुमच्या घरातली अज्जी ‘संक्रांत होऊ दे’ म्हणाली, तर तिचे ऐकू नका. रिक्षा बोलवा.