सांगाडे आणि हिरवे खडे

‘त्यात मेलेली माणसं उठून चालतात, चेटूक आहे, सतत मारामारी आहे. असला खेळ पोराच्या हाती देतं का कोणी?’ बहिणीने मला फोनवर सुनावलं. तिच्या अकरा वर्षांच्या मुलाला ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा संगणकावरचा खेळ मीच दिला होता. तिची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी प्रेतांचं बोलू. विक्रम राजा प्रेत खांद्यावर टाकून मसणातून चालतो आणि त्यातला वेताळ त्याला कोडी घालतो, हे आम्ही दोघी बहिणींनी ‘चांदोबा’त वाचलं. अभिमन्यूला घेरून मारल्याची गोष्ट आपल्याकडे मुलांना झोपताना सांगतात. अद्भुतातल्या भीतीने आपली बालपणं नासली नाहीत. वेस्नॉथमधला सांगाडा तर षटकोनी घरांच्या नकाशावरची एक सोंगटी आहे, मेली की विरून जाते.

आणि त्या सोंगटीशी लढायचं तर डोकं लागतं. सांगाड्यावर बाण फारसे चालत नाहीत, त्याला गदेसारखं ठेचणारं हत्यार लागतं. रात्री त्याचे घाव 25 टक्क्यांनी जड होतात, दिवसा तेवढेच हलके. भाच्याने तीन लढायांत जपलेली तिरंदाज रात्रीच पुढे काढली आणि गमावली. तो रडवेला झाला. जुना डाव उघडून चूक पुसता आली असती, पण तो म्हणाला, ‘मावशी, उजाडेपर्यंत थांबायला हवं होतं गं.’ थांबण्याची किंमत त्याला त्या संध्याकाळी कळली.

याचा अर्थ वेस्नॉथमधलं सगळंच त्याच्या वयाचं आहे, असं नाही. त्यात मलिन केशर नावाच्या तरुण मांत्रिकाची मोहीम आहे. गाव वाचवण्यासाठी तो मृतांना उठवायला लागतो आणि पायरीपायरीने स्वतःचं माणूसपण गमावतो. ती मोहीम मी भाच्यापासून बाजूला ठेवली आहे. दृश्यांपेक्षा त्या घसरणीचं ओझं जड आहे. शिवाय अनोळखी माणसांबरोबर खेळण्याची सोयही आहे; तीही सध्या बंद.

आता दुसरी बाजू. ‘डावपेचांचा खेळ म्हणजे बुद्धिबळच, खेळू द्या की’, असं सांगणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. हेलसिंकीच्या सुपरसेलचा 2012 साली आलेला ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ घ्या. चित्रं गोंडस आहेत, हल्ला तीन मिनिटांचा, डावपेचही खरेच. पण इमारत वाढवायला काही तास, पुढे काही दिवस वाट पाहावी लागते, आणि ती वाट संपवायला हिरवे खडे लागतात. थोडे खेळताना मिळतात, बाकीचे खऱ्या पैशांनी विकत मिळतात. आपण झोपलो असताना गाव लुटलं जाऊ शकतं. टोळीयुद्ध सुरू असलं की आपले हल्ले झाले नाहीत तर सोबती विचारतात. बुद्धिबळाचा पट रात्री पेटीत ठेवला की सकाळपर्यंत मुलाला हाक मारत नाही, आणि उंटाची चाल पैसे घेऊन लांबवत नाही. वेस्नॉथ 2003पासून मुक्त परवान्यावर, स्वयंसेवकांच्या मेहनतीवर चालला आहे. तो संगणकावर फुकट मिळतो आणि त्यात विकायला खडे नाहीत.

म्हणून मी खेळ तपासते तेव्हा राक्षस किती आहेत हे नंतर बघते. मधेच बंद केला तर नुकसान होतं का, पैसे कुठे मागतो आणि पलीकडे कोण बसलं आहे, हे आधी. त्यासाठी एक संपूर्ण डाव स्वतः खेळावा लागतो. पालकांनी तेवढा वेळ द्यावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. ‘क्लॅश’ मी तेराच्या आत देणार नाही. त्यानंतरही फोनवरची खरेदी कुलूपबंद करूनच.

बहीण गेल्या रविवारी भाच्याशेजारी बसली. दुसऱ्या फेरीत तिने त्याला विचारलं, ‘अरे, या सांगाड्यावर बाण कशाला मारतोयस?’